तिसऱ्या दिवसाचे दुखणे

दाढ काढली तो दिवस बरा गेला. दुसराही. खालच्या जबड्यातली उजवीकडची अक्कलदाढ होती ती. आडवी उगवलेली, शेजारणीला ढकलत बसलेली. पुण्यातल्या दंतवैद्यांनी अर्ध्या तासात ती काढली, चावून धरायला कापसाचा बोळा दिला, गोळ्या दिल्या आणि सूचनांचा एक छापील कागद दिला. तो कागद न वाचता खिशात घालून मी आत्याकडे मुळशीला गेलो. आत्याचे गाव धरणाच्या पाण्याच्या कडेला, पौडच्या पुष्कळ पुढे. दोन दिवस हवा खावी, मऊ भात खावा, असा बेत होता. भात खाल्ला आणि घरच्या शिस्तीप्रमाणे जेवण होताच मोरीत उभे राहून चांगली खळखळून चूळ भरली. दोन्ही दिवस, दोन्ही वेळा.

तिसऱ्या रात्री जे सुरू झाले त्याला दातदुखी म्हणणे म्हणजे त्याचा अपमान आहे. दात तर तिथे नव्हताच. जिथे काही नाही तिथून कळ निघत होती, ती कानात जात होती, कानशिलावर जात होती आणि तिथून डोळ्यामागे जाऊन थांबत होती. ताप नाही, गालाला सूज नाही. तोंडाला मात्र घाण वास. मोबाइलच्या उजेडात आरशात पाहिले, तर दाढेच्या जागी एक रिकामे भोक आणि त्याच्या तळाशी काहीतरी करडे-पांढरे. ते माझेच हाड होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

आत्या चौऱ्याऐंशीची. आवाजाने उठली. दिवा लावून तिने माझ्याकडे पाहिले आणि बोटे मोजली. "परवा काढलीस न्हवं? मंग आज तिसरा दिस. तिसऱ्या दिशी रडवतीच ती." मग फडताळातून डबा काढून तिने दोन लवंगा माझ्या हातावर ठेवल्या. पहाटेच्या पहिल्या एसटीने मी पुण्याला परतलो. दंतवैद्यांनी कोमट खारट पाण्याने ती खोबण धुतली आणि जाळीदार कापडाची एक पट्टी औषधात बुडवून आत भरली. दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत कळ विरघळली होती. खाली रस्त्यावर उभा राहिलो तेव्हा तोंडात वास होता तो आत्याच्या डब्याचा.

या लेखाची सुरुवात त्या जिन्यावर झाली. दंतशास्त्राची पाठ्यपुस्तके तिसऱ्या दिवसाबद्दल जे सांगतात ते शाळेत न गेलेल्या आत्याला कुठून माहीत होते, आणि दोघांचे औषध एकच कसे, हे मला शोधायचे होते.

आधी त्या भोकात काय घडते ते पाहू. दात उपटला की त्याची खोबण रक्ताने भरते आणि ते रक्त थिजते. ही गुठळी म्हणजे केवळ रक्त थांबवणारे बूच नव्हे. ती पुढच्या सगळ्या बांधकामाची परांची असते. तिच्या आधाराने आठवड्याभरात नवी मऊ पेशीजाले उभी राहतात, वरून हिरडी सरकत येते आणि मग काही महिन्यांत आतली पोकळी हाडाने भरते. काही माणसांत मात्र ही गुठळी वेळेआधीच विरघळते किंवा निघून जाते. खोबणीच्या भिंतींचे हाड उघडे पडते. त्या हाडावर लाळ, अन्नाचे कण, हवा, जे येईल ते आदळते. हे सहसा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान होते. म्हणूनच रोगी तिसऱ्या दिवशी परत येतो, किंवा येऊ शकत नाही.

इंग्रजीत याला 'ड्राय सॉकेट' म्हणतात. पुण्या-मुंबईचे दंतवैद्य रोग्याशी मराठी बोलतानाही तोच शब्द वापरतात, कारण मराठीत याला रूढ नाव नाही. 'कोरडी खोबण' म्हणावे तर रोगी गोंधळेल. भोक काही कोरडे नसते, त्यात लाळ साठलेली असते. कोरडे याचा अर्थ एवढाच, की तिथे रक्त उरलेले नाही. दातांवरून मराठीने काय काय केले आहे! आपण दातांच्या कण्या करतो, कुणावर दात धरतो, दाती तृण धरतो. पण दात गेल्यावर उरलेल्या जागेच्या दुखण्याला शब्द केला नाही. आत्याने केला होता, पण तो नावासारखा नाही, तारखेसारखा आहे: तिसऱ्या दिशीचं.

इंग्रजी नावही फार जुने नाही. १८९६ साली क्रॉफर्ड नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने 'डेंटल कॉसमॉस' या नियतकालिकात या दुखण्याचे वर्णन करून त्याला हे नाव दिले. (आपल्याकडे ते साल मुंबईत प्लेग आल्याचे, दातांकडे पाहायला कुणाला सवड नव्हती.) माणसे दात तर हजारो वर्षे उपटत आली आहेत. मग या दुखण्याला नाव मिळायला एकोणिसावे शतक सरत का यावे?

याला माझे उत्तर आहे ते तर्काचे आहे, आणि तसेच ते घ्यावे. १८४४च्या डिसेंबरात होरेस वेल्स या दंतवैद्याने स्वतः हास्यवायू हुंगून आपली दाढ काढवून घेतली. १८४६मध्ये मॉर्टनने ईथर देऊन दात काढला. १८८४पासून कोकेनची सुई टोचून जबड्याचा तेवढाच भाग बधिर करता येऊ लागला. त्याआधी दात काढणे हाच एवढा मोठा यातनांचा प्रसंग होता, की त्यानंतरचे दोन-चार दिवस त्याच दुखण्याची शेपटी म्हणून खपून जात. दात काढण्याचा दिवस बिनदुखीचा झाला तेव्हा तिसरा दिवस वेगळा दिसू लागला. पहिल्या दिवशी हसत घरी गेलेला रोगी तिसऱ्या दिवशी गाल धरून दारात उभा राहिला आणि दंतवैद्याला प्रश्न पडला, की हे काय? वेदना कमी झाल्यावरच वेदनांचे प्रकार मोजता येतात.

आजही हे दुखणे पुरते उलगडलेले नाही. १९७३ साली बिर्न या डॅनिश संशोधकाने मांडलेली उपपत्ती बहुतेक जण मानतात. उपटताना दुखावलेल्या हाडातून अशी द्रव्ये सुटतात, की रक्तातच असलेला, गुठळी विरघळवणारा विकर जागा होतो आणि परांची आतून खाऊन टाकतो. म्हणजे गुठळी दर वेळी चुळीने धुऊन जातेच असे नाही. माझी चूळ निर्दोष सुटली असती, पण दंतवैद्यांनी तिला तशी सोडली नाही. दाढ जितकी अवघड, ती काढताना जितकी झटापट, तितकी शक्यता जास्त. खालच्या जबड्याचे हाड घट्ट. तिथे हे वरच्यापेक्षा पुष्कळ अधिक होते. साधा दात काढला तर १०० माणसांत दोन ते पाच जणांना होईल, पण खालची रुतलेली अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढली तर काही पाहण्यांत ३० पर्यंत आकडा जातो. तंबाखू ओढणाऱ्यांना जास्त, बायकांना पुरुषांहून जास्त. गर्भनिरोधक गोळ्या आल्यानंतर हा फरक ठळक झाला. आणि यात पू नसतो, सहसा ताप नसतो. त्यामुळे प्रतिजैविकाच्या गोळ्या गिळून एकदा सुरू झालेले हे दुखणे थांबत नाही. खोबण धुवावी लागते, औषध भरावे लागते, ते एक-दोन दिवसांनी बदलावे लागते.

म्हणजे माणसाला परत यावे लागते. मुळशीतल्या दातांच्या इतिहासाची किल्ली मला इथे सापडली असे वाटते.

पण त्याआधी थोडे मागे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मुखरोगांचा एक अध्याय आहे. त्यात किडलेल्या, हलणाऱ्या दाताबद्दल सांगितले आहे, की तो काढावा आणि ती पोकळ जागा डागावी. दंतनाडीत, म्हणजे दाताच्या मुळाशी नासूर झाले असता, दात काढून जागा साफ करून डाग द्यावा, नाहीतर ते नासूर जबड्याच्या हाडापर्यंत भेदत जाते, असाही इशारा आहे. वरचा दात मात्र हलत असला तरी काढू नये. रक्त अतोनात जाते, डोळा जातो, तोंड वाकडे होते. आजच्या दंतवैद्याला वरच्या दाताची ही भीती पटणार नाही. माझे लक्ष वेधले ते वेगळ्या गोष्टीने: दात काढणे म्हणजे काम संपले असे सुश्रुत मानत नाही. रिकामी जागा हा त्याच्या दृष्टीने एक स्वतंत्र रोगी आहे आणि तिच्यासाठी वेगळी क्रिया आहे. डागण्याने गुठळीचे भले होत असेल असे नाही, उलटच होत असेल. पण खोबणीकडे पाहण्याची नजर तिथे आहे.

ही नजर पुढे खेड्यापाड्यांत उतरली नाही. उतरला तो दातातला किडा. दात किडतो म्हणजे त्यात खरोखरच अळी असते, ही समजूत बाबिलोनियापासून मावळापर्यंत सगळीकडे. फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८च्या आपल्या ग्रंथात ती खोडून काढली, पण फोशार मावळात कुणी वाचला नव्हता. भुईरिंगणीचे बी निखाऱ्यावर टाकून नळीने धूर दाढेत घ्यायचा आणि मग तोंडातून 'किडे' पडलेले दाखवायचे, हा उपाय महाराष्ट्रभर चालत आला आहे. आत्याने स्वतः तो केला आहे. किडे पडलेले पाहिलेस का, असे विचारले तर म्हणाली, "पडले म्हनायचे सगळे. म्या न्हाई पायले. धूर डोळ्यात गेलेला."

दाढ उपटायला तिच्या लहानपणी येत ते वैदू. वैदू ही महाराष्ट्रातली भटकी जमात; पुरुष जडीबुटी विकत, तुंबडी लावत, बायका सुया-बिबे विकत दारोदार फिरत. भात काढून झाल्यावर, वाटा सुकल्यावर त्यांचे तळ मावळात पडत. आत्याच्या आठवणीतला वैदू पायरीवर माणसाला बसवी, मागून डोके गुडघ्यांत धरी आणि पकडीने एका हिसक्यात दाढ काढी. हात चलाख होता, असे ती सांगते. त्याला मिळत ती पायलीभर भात आणि एखादे जुनेर. आणि दुसऱ्या दिवशी तळ हललेला असे.

तिसऱ्या दिवशी ज्याला कळ निघे त्याच्याकडे बघायला कोणी नव्हते. वैद्य भटका आणि दुखणे मुक्कामी. दात काढणे एका हिसक्याचे काम. ते करणारा वाटेवरचा चालतो. कोरड्या खोबणीला मात्र परत भेटणारा माणूस लागतो. म्हणून वैदूला हा रोग कदाचित माहीतच नसेल आणि आत्याला माहीत होता. तो घरात राहणाऱ्यांचा, रात्री उठून दिवा लावणाऱ्यांचा रोग होता.

आत्याच्या सासूची गोष्ट अशी. लग्न होऊन आत्या आली त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी सासूची खालची दाढ अशीच पायरीवर निघाली. तिसऱ्या दिवसापासून ती बाई भिंतीला डोके लावून बसू लागली. सहाव्या-सातव्या दिवशी घरात ठरले, की हे दाढेचे नाही. दाढ तर गेली, मग दुखते काय? हे बाहेरचे आहे. देवऋषी आला, अंगारा झाला, कोंबडे दिले गेले. दहाव्या-बाराव्या दिवशी कळ थांबली. देवऋषीचे नाव त्या खोऱ्यात पुढे वीस वर्षे घेतले जात होते. आज पाठ्यपुस्तकात पाहावे तर लिहिलेले सापडते, की हे दुखणे उपचार न करताही साधारण दहा-बारा दिवसांत आपोआप ओसरते, कारण तोवर उघड्या हाडावर नवा थर चढू लागतो. दहाव्या दिवशी जो येईल तो यशस्वी. आत्याचा देवऋषीवर राग नाही. राग आहे तो 'दाढ तर गेली, मग दुखते काय' म्हणणाऱ्यांवर. सासू खोटे दुखणे घेऊन बसली आहे, असे त्या घरात आठवडाभर बोलले गेले आणि ते ऐकत तिने चूल सांभाळली.

मुळशी पेटा म्हटले की आपल्याला दुसरीच वेदना आठवते. नीळा-मुळेच्या खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे शेतकरी सत्याग्रहाला बसले. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही नावे तेव्हाची. १९२४च्या सुमारास लढा संपला, बापटांना सात वर्षांची सजा झाली, ५०च्या आसपास गावांची जमीन पाण्याखाली गेली. १९२७ साली घाटाखाली भिरा येथे वीजघर सुरू झाले आणि पूर्वेकडे भीमेला जाणारे पाणी डोंगर फोडून पश्चिमेकडे उतरू लागले. वीज गेली मुंबईला.

या लढ्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे आणि दातांशी त्याचा ओढूनताणून संबंध लावण्याची मला हौस नाही. पण एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. धरणाने खोऱ्याच्या मधोमध पाणी उभे केले. समोरच्या काठावरचे गाव पूर्वी नदी ओलांडली की येई. आता त्याला पूर्ण वळसा, नाहीतर होडी. पावसाळ्यात ताम्हिणीच्या बाजूचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको, की त्या दिवसांत होडीही नाही. एकदा जाणे जमत असे, पण पुन्हा जाणे मोडले. आणि कोरड्या खोबणीचा सगळा उपचार 'पुन्हा' या शब्दावर उभा आहे. पाणलोटातल्या धनगरवाड्यांना आणि कातकरी वस्त्यांना तो शब्द आजही महाग पडतो. पुण्याहून पौड ३० किलोमीटरवर. तिथे ग्रामीण रुग्णालय आहे. पण पौडपासून आत्याच्या घरापर्यंतचे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही, ते एसटीच्या फेऱ्यांत मोजावे लागते.

इकडे खोऱ्यात हे चालले असताना तिकडे दंतवैद्यक शास्त्र होत होते. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२०मध्ये कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३चे. टाटांच्या जलविद्युतेवर मुंबई तोवर झगमगू लागली होती आणि मुळशीचे पाणी त्यात होते. खुर्चीवरच्या दिव्याखाली मुंबईकराची दाढ दिसत होती ती काही अंशी आमच्या खोऱ्याच्या पाण्याने. खोऱ्यातली दाढ उन्हे उतरायच्या आत पायरीवर काढावी लागत होती. पुण्याची स्थितीही फार वेगळी नव्हती. १२ जानेवारी १९२४च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक गांधीजींचे अपेंडिक्स काढत असताना मध्येच दिवे गेले आणि शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. तेव्हा पश्चिमेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर मुळशीच्या भिंतीचे काम चालू होते.

स्वातंत्र्यानंतर १९४८चा दंतवैद्यक कायदा आला. त्यात एक शहाणपणाची तरतूद होती. पदवी नसलेले पण किमान पाच वर्षे या धंद्यावरच पोट असलेले लोक नोंदवहीच्या 'ब' भागात घेतले गेले. मुंबईतले कित्येक चिनी दंतवैद्य, ज्यांच्या पाट्या आपल्या आजोबांनी वाचल्या असतील, ते बापाकडून मुलाकडे आलेल्या हातकसबावर जगणारे होते. दुकान असलेल्याला पाच वर्षे दाखवता येतात. तळ हलवत फिरणाऱ्या वैदूला कुठली नोंदवही? कायद्याने त्याला मनाई केली म्हणण्यापेक्षा तो कायद्याला दिसलाच नाही, असे म्हणणे बरोबर होईल. पुढे दवाखाने वाढले, वैदूंची पोरे दुसऱ्या कामांना लागली आणि पायरीवरची पकड थांबली. ते बरेच झाले. त्या पकडीने जबडेही मोडले असतील. पण मधली काही दशके अशी गेली, की वैदू येईनासा झाला होता आणि डॉक्टर अजून यायचा होता.

आता लवंगेकडे येतो. दंतवैद्यांनी माझ्या खोबणीत भरलेल्या पट्टीत मुख्य द्रव्य होते युजेनॉल. लवंगेच्या तेलात सर्वांत जास्त असते ते हेच. ते मज्जातंतूंची जाणीव बोथट करते आणि जंतूंनाही थोडेफार आवरते. जस्ताच्या भस्मात ते कालवून केलेला लेप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दंतवैद्यांच्या टेबलावर आहे. काही जाणकारांच्या मते उघड्या हाडावर युजेनॉल फार दिवस ठेवले तर भरणे लांबते. म्हणून पट्टी बदलायची आणि काढायचीही. अख्खी लवंग भोकात कोंबून झोपणे किंवा बाटलीतले तेल नुसते ओतणे त्याहून वाईट, हिरडी भाजते. आत्या लवंग भोकात नाही, शेजारच्या दाढेखाली धरायला सांगते.

ही लवंग मावळातली नव्हे. ती मूळची मोलुक्का बेटांची. डचांनी तिच्यावर पहारे बसवले, फ्रेंचांनी १७७०च्या सुमारास तिची रोपे चोरली आणि एकोणिसाव्या शतकात झांझिबारच्या सुलतानाने आपल्या बेटांवर तिची राने उभी केली, गुलामांच्या हातांनी. पुढे जगाची बहुतेक लवंग झांझिबार आणि पेंबा या दोन बेटांतून येऊ लागली आणि तिच्या मोठ्या गिऱ्हाइकांत हिंदुस्थान होता. मुंबई बंदरात उतरून ती मसाल्यात, विड्यात आणि दाढेत जाई.

यातले एक प्रकरण आपण जवळजवळ विसरलो आहोत. १९३७ साली झांझिबारच्या ब्रिटिश सरकारने लवंगेच्या खरेदीची सगळी सूत्रे एका संघटनेच्या हाती दिली आणि तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांचा धंदा बसायची वेळ आली. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी झांझिबारी लवंगेवर बहिष्कार घातला. काँग्रेसने त्याला पाठिंबा दिला, १९३८च्या फेब्रुवारीत हरिपुरा अधिवेशनात तसा ठरावही झाला. बाजार थंडावला आणि त्याच वर्षी तडजोड करावी लागली. मीठ, कापड, दारू यांच्या पंक्तीत लवंगही काही महिने राष्ट्रीय चळवळीची वस्तू होती. व्यापाऱ्यांचे हित त्यात होते, हे खरेच. झांझिबारच्या शेतकऱ्याची बाजूही होती आणि ती आपल्याकडे फारशी कुणी ऐकली नाही. मला आपले राहून राहून वाटते, त्या महिन्यांत ज्याची दाढ निघाली असेल त्याने काय केले असेल? घरोघरी फडताळात जुनी लवंग असतेच, म्हणा.

राहिली चूळ. आपल्या समाजाने तोंडाच्या स्वच्छतेचा केवढा सोहळा केला आहे. उठल्यावर चूळ, खाल्ल्यावर चूळ, आणि ती गालफडे फुगवून, आवाज करून, लांब पिंक टाकल्यासारखी. उष्ट्या तोंडाने बसणे हा अपराध. एरवी ही सवय लाखमोलाची. पण दात काढल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत ती गुठळीच्या मुळावर येते. जोराने थुंकणे तसेच, आणि विडी ओढणेही. २४ तासांनंतर मात्र कोमट मिठाच्या पाण्याने तोंड हलकेच धुवावे, पाणी तोंडात फिरवावे आणि ओघळू द्यावे. जी गोष्ट माणूस चांगले वळण म्हणून करतो तीच करू नको म्हणून सांगायची, तर नुसते 'करू नका' म्हणून भागत नाही. का, ते सांगावे लागते.

आणि मिश्री. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची पूड बोटाने दातांवर चोळायची, ही मावळातल्या बायकांची पिढ्यानपिढ्यांची सवय. हिरडी दुखते म्हणून लावायची, लावल्याने हिरडी झिजायची, मग आणखी लावायची. १९९२मध्ये केंद्र सरकारने दंतमंजनांत तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्याला कोण बंदी करणार? दाढ काढून आलेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी कळ शमवायला पहिले बोट बुडवते ते मिश्रीच्या डबीत. आत्याची सासूही लावायची. आत्याने चाळिशीत सोडली. का सोडली ते सांगत नाही.

दोन महिन्यांनी ती पँट धुवायला काढताना तो छापील कागद खिशात सापडला. इंग्रजीत होता. बर्फ लावा, बोळा चावा, स्ट्रॉने पिऊ नका, चूळ भरू नका. सगळे पहिल्या २४ तासांचे. पुढच्या खेपेला मुळशीला गेलो तेव्हा मी तो मराठीत मोठ्या अक्षरांत उतरवून नेला. गावातल्या आशाताईंनाही एक प्रत द्यायची होती. आत्याला अक्षरे येत नाहीत, म्हणून ओटीवर बसून वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला.

"बरं हाय," ती म्हणाली. "पर तिसऱ्या दिसाचं कुटं लिवलंय?"

मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. ती तिच्याकडून ऐकत ऐकत तिथेच लिहून काढली.